उपाशी ओळी

एकदा एक गुरुजी निवृत्त झाले आणि वर्षभराच्या आत विद्यार्थी झाले. हा उलटा प्रवास फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि ज्यांच्या वाट्याला येतो त्यांतल्या बहुतेकांना तो सोसत नाही. या गुरुजींना तो सोसला, एवढेच नव्हे तर त्याची गोडी लागली. ती कशी लागली, त्याची ही गोष्ट.

गुरुजींचे नाव पुंजाराम. येवल्याच्या पूर्वेला, जिथे माणसे कांद्यावरून बोलायला सुरुवात करतात आणि मक्यावर येऊन थांबतात, अशा एका गावात त्यांनी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. गावातल्या पंचेचाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा कान कधी ना कधी त्यांच्या चिमटीत आलेला होता. त्यामुळे गावात त्यांना मान होता, आणि त्यांची जरा फजिती झालेली पाहायची गावाला हौसही होती.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी वडिलोपार्जित दोन एकर वावर चुलतभावाकडून परत घेतले. इतकी वर्षे ते वाट्याने दिलेले होते; आता ते स्वतः कसायचे त्यांनी ठरवले. पत्नी प्रयागाबाईंना हा बेत मुळीच पसंत नव्हता. मुलगा हेमंत नाशिकला होता, त्याच्या घरात आईवडिलांसाठी एक खोली तयार होती, खोलीला खिडकी होती आणि खिडकीसमोर गुलमोहर होता. प्रयागाबाईंनी घरातली मोठी पितळी पातेली घासूनपुसून पोत्यात बांधूनसुद्धा ठेवली होती. गुरुजी म्हणाले, एक वर्ष दे. त्यांनी ते दिले.

गुरुजींनी पहिले पीक घेतले ते उन्हाळी कांद्याचे. त्यासाठी त्यांनी पुस्तक वाचले, दुकानदाराला विचारले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे डोकावून पाहिले. तिघांनी खताची तीन मापे सांगितली. गुरुजींनी आयुष्यभर कोणाचेही मन मोडले नव्हते. त्यांनी तिघांचेही ऐकले. कांद्याची पात अशी काळीभोर उठली की रस्त्याने जाणारा थांबून पाही. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कांदा पोसायच्या आतच, वीस मिनिटे गारा पडल्या. पात चिखलात मिसळली, खालचा कोवळा कांदा सडला, आणि गुरुजींनी नांगर घालून ते सगळे मातीआड केले.

वावर रिकामे झाले त्या दिवशी गुरुजी बांधावर बसून होते. चार महिन्यांची मेहनत, खत, पाणी सगळे पाण्यात गेले, असे ते स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. घरी हेमंतचा फोन आला होता. प्रयागाबाईंनी शांतपणे सांगितले की आता एकच हंगाम. मका लावायचा तर लावा; तोही गेला, तर दिवाळीला वावर पुन्हा चुलतभावाला द्यायचे आणि नाशिकला जायचे. गुरुजींनी शब्द दिला. शब्द देणे त्यांना जड गेले, कारण या वावराने त्यांना एक अशी गोष्ट दिली होती जी चौतीस वर्षांत मिळाली नव्हती. तिथे घंटा नव्हती. सकाळी जावे, वाटेल तेवढा वेळ उभे राहावे, कोणी हजेरी घेत नाही. नाशिकच्या खिडकीत बसून गुलमोहराची पाने मोजणारा म्हातारा व्हायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून मक्याच्या वेळी तिघांना विचारायचे नाही, एकालाच विचारायचे, असे त्यांनी ठरवले. आणि ते बांधापलीकडच्या सखाहरीबाबांकडे गेले.

सखाहरीबाबा ऐंशीच्या पुढचे. शाळेचे तोंड न पाहिलेले, पण साऱ्या शिवारात मका पाहावा तर त्यांचा. त्यांच्या वावरात एक विचित्र गोष्ट गेली तीस वर्षे गाव पाहत आले होते. दरवर्षी मक्याच्या मधोमध ते चार ओळी युरियाविना ठेवत. बाकी सगळे पीक हिरवेगार, आणि मध्ये चार ओळी कधी फिकट, कधी पिवळ्या, तर कधी इतरांसारख्याच. गावाने त्यांना नाव दिले होते, उपाशी ओळी. कोणी म्हणे हा नवस आहे, कोणी म्हणे म्हाताऱ्याची गोणी दरवर्षी नेमकी तिथेच संपते. बाबांना विचारले तर ते तंबाखू मळत हसत आणि विषय पावसावर नेत.

गुरुजींनी सरळ प्रश्न घातला. गावाची रीत एकरी तीन गोण्या युरियाची. आपल्या वावराला किती द्यावा? बाबांनी उत्तर द्यायच्या आधी पहार मागवली. गुरुजींकडून त्यांनी वावरात आठ ठिकाणी दोन-दोन फूट खोल खड्डे घेववले, प्रत्येक खड्ड्याच्या वरपासून तळापर्यंतची माती घमेल्यात एकत्र कालवायला लावली, आणि त्यातली शेरभर माती पिशवीत भरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्यायला सांगितली. वरची चार बोटे माती दिली तर चालणार नाही का, असे गुरुजींनी घाम पुसत विचारले. बाबा म्हणाले, चालेल की, पण ती वरची वरची बातमी होईल.

मग त्यांनी पुढचे सांगितले. पेरणीबरोबर बाकीचे खत नेहमीसारखे द्यायचे. युरिया मात्र द्यायचा फक्त सहा ओळींना. त्या सहा ओळींना गावाच्या रीतीने पोटभर, वेळच्या वेळी. त्यांच्या दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधलेल्या काठ्या रोवायच्या. उरलेल्या सगळ्या वावराला, मी सांगेपर्यंत, युरियाचा एक दाणा नाही.

गुरुजींनी विद्यार्थ्याच्या निष्ठेने ते केले. मका उगवला, दोन पानांचा झाला, चार पानांचा झाला. जून संपला. शाळेची घंटा वाऱ्यावरून वावरापर्यंत यायची तेव्हा गुरुजींना मनातल्या मनात हसू यायचे.

पण जुलैच्या मध्यावर हसू मावळले. मका गुडघ्याला लागला आणि सगळ्या शिवारात युरियाची दुसरी खेप सुरू झाली. ज्याच्या त्याच्या कमरेला धोतराची किंवा लुगड्याची ओटी, ओटीत पांढरे दाणे. गुरुजी आपल्या बांधावर रिकाम्या हातांनी उभे. आणि बांधाच्या पलीकडे त्यांनी जे पाहिले, ते त्यांना खरे वाटेना. खुद्द सखाहरीबाबा, त्यांची सून आणि दोन गडी त्यांच्या वावरात युरिया देत होते. थोडाथोडका नव्हे, गावाच्या रीतीप्रमाणे पूर्ण. चार उपाशी ओळी तेवढ्या सोडून.

गुरुजींनी बांधावरूनच विचारले की बाबा, तुमच्या पिकाला जेवण आणि माझ्या पिकाला उपास, हे कसे? बाबांनी ओटीतला हात न थांबवता सांगितले, "तुमचं वावर येगळं, माझं येगळं. दम धरा गुर्जी."

एवढ्याने गुरुजींचे समाधान झाले नाही, आणि गावाचे तर मुळीच झाले नाही. पारावर चर्चा सुरू झाली. म्हाताऱ्याला आपल्या मक्याच्या शेजारी दुसरा चांगला मका नको आहे, असे कोणी बोलले. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी तर म्हणाला की गुरुजींनी आम्हाला उपाशी ठेवून पाठ करून घेतले, आता त्यांच्याकडून कोणीतरी पाठ करून घेत आहे. खताच्या दुकानातला दुकानदार भला माणूस होता. त्याने गुरुजींना बाजूला घेऊन कळकळीने सांगितले की मक्यासारखे खादाड पीक दुसरे नाही, गुडघ्याला लागला की त्याला मागेल तेवढे द्यावे, वेळ गेली की नंतर ओतून उपयोग नसतो. यात काही खोटेही नव्हते. त्याने चार गोण्या गुरुजींच्या घरी पोचवल्या.

प्रयागाबाईंनी त्या गोण्या ओसरीवर पाहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "तुमचा शब्द तुमच्या ध्यानात आहे ना? मग मका गेला तर बाबांनी सांगितलं होतं म्हणून गेला, असं मला सांगू नका." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते गुरुजींना लागले.

दोन दिवस गुरुजींनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक गोणी सायकलवर टाकली आणि ते वावराकडे निघाले. बाबा तालुक्याच्या बाजाराला गेले आहेत, हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. आयुष्यभर कॉपी करणाऱ्यांना पकडलेला माणूस आज स्वतः चोरून उत्तर लिहायला निघाला होता, आणि याची त्याला पुरेपूर लाज वाटत होती. पण दिवाळी डोळ्यांपुढे होती, आणि खिडकीपुढचा गुलमोहरही.

गुरुजींनी हिशेब असा केला होता की सहा ओळींना युरिया आधीच दिलेला आहे, त्या सोडायच्या, आणि बाकीच्या सगळ्यांना द्यायचा. दोनदा जेवण घातले तर पीक माजून वाऱ्याला आडवे होते, एवढे ते आता शिकले होते. त्यांनी गोणीचे तोंड उसवले, पंचाची ओटी केली, ती भरली आणि लाल चिंध्यांच्या काठ्या कुठे दिसतात ते पाहिले.

काठ्या नव्हत्या.

गुरुजी या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. एकही काठी नाही, चिंधी नाही. शेळ्यांनी पाडल्या असतील म्हणून खाली वाकून पाहिले, तर रोवलेल्या जागांची भोकेसुद्धा मातीने बुजलेली. आणि काठ्यांच्या भरवशावर त्यांनी त्या ओळी कितव्या हे कधी मोजलेही नव्हते. बरे, काठ्या नसल्या म्हणून काय झाले, गुरुजींनी स्वतःची समजूत घातली. पोटभर जेवलेल्या ओळी आणि उपाशी ओळी यांत फरक असणारच. जास्त हिरव्या त्या जेवलेल्या. ते ओळीओळीने चालू लागले.

पहिल्या फेरीत त्यांना लिंबाजवळच्या ओळी जास्त हिरव्या वाटल्या. परत येताना वाटले, नाही, त्या सावलीत आहेत म्हणून तशा दिसतात. मग विहिरीकडच्या ओळी हिरव्या दिसल्या. त्यांनी पान हातात धरून शेजारच्या पानाशी लावून पाहिले. खोडाची जाडी बोटांनी मापली. तळची पाने उलटून पाहिली, एखादे तरी पिवळे सापडते का म्हणून. एकही पिवळे नव्हते. सगळा मका एका गणवेशातल्या वर्गासारखा सारखा उभा होता, आणि त्यातले सहा जण कोण हे गुरुजींना काही केल्या ओळखता येत नव्हते. पाऊण तास झाला. ओटीतला युरिया घामाने ओलसर होऊ लागला. शेवटी ते विहिरीच्या काठावर बसले.

"काय शोधू राहिले, गुर्जी?"

सखाहरीबाबा बांधावर उभे होते. बाजाराला गेलेले बाबा बाजाराला गेलेच नव्हते, आणि त्यांच्या काखेत लाल चिंध्यांच्या काठ्यांचा भारा होता.

गुरुजींना ओटी लपवावीशी वाटली, पण पंचाची ओटी लपवणार कुठे? त्यांच्यापुढे पोरे उभी राहत असत, तसे ते उठून उभे राहिले. त्यांनी खरे ते सांगून टाकले: युरिया द्यायला आलो होतो, तुम्हाला न विचारता आलो होतो, आणि जेवलेल्या ओळी शोधत होतो.

"मंग? सापडल्या का?"

"नाही."

"किती येळ शोधल्या?"

"पाऊण तास झाला असेल."

बाबा असे हसले की त्यांना खोकला आला आणि काठ्या खाली टेकवाव्या लागल्या. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "आता ओटी सोडा. उत्तर तुम्हीच काढलं. ज्याला मी चौतीस वर्षं मास्तर म्हणत आलो, तो माणूस स्वतःच्या पिकाच्या पानाला पान लावून पाऊण तास पाहतो आणि त्याला जेवलेला आणि उपाशी यातला फरक घावत नाही, तर याचा अर्थ एकच. उपाशी इथं कोणी नाहीच."

काठ्या का उपटल्या, असे गुरुजींनी विचारले. खरे म्हणजे त्यांना राग यायला हवा होता, पण येत नव्हता. बाबांनी सांगितले की काठ्या राहिल्या असत्या तर तुम्हाला चिंधीजवळचा मका जास्त हिरवा दिसलाच असता. मनात जे आहे ते डोळे दाखवतात. मोठ्या परीक्षेचे पेपर तुमच्याकडे तपासायला यायचे तेव्हा पोराचे नाव झाकलेले असायचे ना, ते कशासाठी? गुरुजींनी मान हलवली. आता त्यांचीही कळी खुलू लागली होती.

मग बाबा त्यांना हाताला धरून बांधापलीकडे घेऊन गेले, आपल्या वावरातल्या चार उपाशी ओळींपाशी. तिथे काठ्यांची गरजच नव्हती. लांबूनच त्या चार ओळी फिकट दिसत होत्या. जवळ गेल्यावर दिसले की तळची पाने टोकापासून मधल्या शिरेने पिवळी पडत आली आहेत. शेजारच्या ओळी टवटवीत. तीच माती, तोच पाऊस, मध्ये एक बांध. गुरुजी दोन्हीकडे पाहत राहिले.

"गुर्जी," बाबा म्हणाले, "जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी तुम्ही काय करायचे?"

"उजळणी."

"पुस्तक आणलेलं असताना, नवा धडा तयार असताना, आधी उजळणी कशाला?"

 उत्तर त्यांना चौतीस वर्षे पाठ होते, पण ते या वावरात उभे राहून द्यायची वेळ कधी आली नव्हती. "मागच्या वर्षाचं काय उरलंय, ते पाहायला," ते हळूच म्हणाले.

"तेच," बाबा म्हणाले. "वावरालाबी मागच्या वर्षाचं काहीतरी ध्यानात असतं. माझ्या वावरात गेल्या हंगामात गहू होता. असा पिकला की घातलेलं सगळं चाटूनपुसून खाऊन गेला. मागं काही ठेवलं नाही. म्हणून औंदा मला ताट पुरं वाढावं लागतं. तुमच्या कांद्याला तुम्ही तीन माणसांचं वाढलं, आणि जेवायला बसल्या बसल्या गारा आल्या. जेवणारा उठून गेला. वाढलेलं कुठं गेलं? पानातच राहिलं. तुम्ही बांधावर बसून रडत होता का सगळं पाण्यात गेलं. कांदा गेला, गुर्जी, त्याला इलाज नाही. पण मातीतलं गेलं नव्हतं. उन्हाळा कोरडा गेला, पाऊस बेतानं आला, म्हणून ते खाली वाहून गेलं नाही. पाऊस दांडगा झाला असता तर मीच तुम्हाला गोणी फोडायला सांगितलं असतं. मी काही युरियाचा वैरी नाही. मी फक्त आधी विचारतो. उपाशी ओळी म्हणजे माझी उजळणी."

गुरुजींनी वळून आपल्या मक्याकडे पाहिले. मार्चपासून छातीवर एक ओझे घेऊन ते फिरत होते, ते खाली उतरल्यासारखे त्यांना वाटले. कांदा गेला हे खरे होते, पण ते चार महिने या मातीतून गेले नव्हते. ते पायाखाली होते, मुळांना लागत होते, आणि गुडघाभर हिरवे होऊन त्यांच्यासमोर डुलत होते. त्यांनी ओटी सोडली आणि युरिया गोणीत परत ओतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाही.

मग त्यांना एक प्रश्न सुचला. हे तुम्ही कुठे शिकलात, त्यांनी विचारले.

बाबा पुन्हा हसले. तीस वर्षांपूर्वी त्यांची नात विमल आईबरोबर आजोळी राहायला आली होती, भर वर्षात. आधीच्या गावात शाळा नीट झालेली नव्हती, म्हणून सगळ्यांनी सांगितले की हिला पहिलीत बसवा. बाबा तिला घेऊन शाळेत गेले आणि काय होते ते पाहायला खिडकीबाहेर उभे राहिले. तेव्हाच्या तरुण गुरुजींनी पोरीला पाटी दिलीच नाही. आधी तिला जवळ बसवून विचारत गेले, हे येते का, ते येते का. आधीच्या गावी वडिलांबरोबर बाजारात कांद्याच्या वजनाला उभी राहून राहून पोरीला तीसपर्यंत पाढे येत होते. फक्त लिहिता येत नव्हते. गुरुजी म्हणाले, हिला पहिलीची गरज नाही, हिला फक्त अक्षर हवे. आणि तिला तिसरीत बसवले.

"त्या दिवशी घरी येताना मी मनाशी म्हणालो," बाबा म्हणाले, "का हा माणूस पोरीला विचारल्याशिवाय शिकवत नाही, आणि मी वावराला न विचारता गोण्या ओततो. दुसऱ्याच हंगामात चार ओळी उपाशी ठेवल्या. गाव म्हणतं नवस हाये. म्हणू द्या. माझा गुरू कोण, हे मी कोणाला सांगत बसलो नाही."

 गुरुजींनी खाली वाकून बाबांच्या पायांना हात लावला. आणि बाबांनी घाईघाईने त्यांचे हात धरले, कारण त्यांच्या मते हा नमस्कार उलट्या दिशेने जायला हवा होता. दोन म्हातारी माणसे मक्याच्या ओळीत एकमेकांचे हात धरून ओढाताण करत आहेत, हे पलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या दुकानदाराने पाहिले आणि गावात सांगितले की शेवटी भांडण झालेच.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून मातीची पत्रिका आली. गुरुजींनी ती प्रगतिपुस्तक उघडावे तशी दोन्ही हातांनी उघडली. नत्राच्या, म्हणजे युरियातून मिळते त्या सत्त्वाच्या, रकान्यापुढे लिहिले होते, जास्त. गुरुजींनी ती बाबांना वाचून दाखवली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले की याखाली पालकाची सही लागते. बाबांनी तितक्याच गंभीरपणे शाईचे पॅड मागितले आणि अंगठा उठवून दिला. तो अंगठा त्या पत्रिकेवर अजून आहे.

पत्रिका आली म्हणून गुरुजींनी हात आखडता मात्र घेतला नाही. मका खादाड असतो हे दुकानदाराचे म्हणणे बाबांनाही मान्य होते. मातीतले उरलेले गुडघ्यापर्यंत पुरले, छातीपर्यंत पुरेल, कणसापर्यंत पुरेल याची खात्री नाही, असे ते म्हणाले. आणि तुरा यायच्या आधी त्यांनी गुरुजींकडून एकरी एकच गोणी देववली. चार गोण्यांपैकी दोन दुकानात परत गेल्या. दुकानदाराने त्या घेतल्या आणि वर स्वतःहून विचारले की गुरुजी, ती मातीची पिशवी कशी भरायची, मलाही सांगा, माझ्या भावाचेही वावर आहे.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी जोराचा वारा सुटला. शिवारात जिथे जिथे हात सैल सोडून युरिया पडला होता, तिथला उंच, मऊ, काळाभोर मका आडवा झाला. गुरुजींचा मका वाकला आणि उभा राहिला. बाबांचाही राहिला. त्या संध्याकाळी प्रयागाबाई वावरात आल्या, कणसे हाताने चाचपत दोन ओळी चालल्या आणि पदरात आठ-दहा कोवळी कणसे तोडून घरी घेऊन गेल्या. चुलीवर भाजून, मीठ-लिंबू लावून त्यांनी पहिले कणीस गुरुजींच्या हातात दिले आणि दुसरे शेजारच्या मुलीबरोबर सखाहरीबाबांकडे पाठवले. गुलमोहराचे नाव त्या दिवशी निघाले नाही.

मका खुडायला बारा माणसे लावली तेव्हा त्यांच्या जेवणाचा प्रश्न आला. घरातले रोजचे पातेले पुरणारे नव्हते. प्रयागाबाईंनी कोपऱ्यातले पोते ओढले, सुतळी सोडली आणि नाशिकला जायला बांधून ठेवलेले मोठे पितळी पातेले बाहेर काढले. ते चुलीवर चढले, त्यात आमटी उकळली, आणि संध्याकाळी ते घासून पोत्यात न जाता फळीवर गेले. हेमंत दिवाळीला आला तेव्हा त्याने ते फळीवर पाहिले आणि काही विचारले नाही. शहाण्याला तेवढे पुरे असते.

भाऊबीज झाल्यावर गुरुजींनी गव्हाची तयारी केली. या खेपेला मका भरपूर पिकला होता. म्हणजे मातीत फारसे उरलेले नसणार, ताट पूर्ण वाढावे लागणार, असा त्यांचा अंदाज होता. पण अंदाज म्हणजे उत्तर नव्हे, हे आता ते शिकले होते. त्यांनी आठ खड्डे घेतले, पिशवी भरली, आणि उपाशी ओळींसाठी लाल चिंध्यांच्या काठ्या बगलेत मारून ते निघाले. मागून आवाज आला म्हणून वळून पाहिले, तर प्रयागाबाई पायांत चपला सरकवत होत्या.

"तुम्ही रोवा काठ्या," त्या म्हणाल्या. "कुठं रोवल्या ते मी नीट पाहून ठेवते. महिन्याभरानं उपटायला मलाच यायचंय."